चर्चला नेलेला घोडा

कुरांग
१२ मार्च १९०८

लॉरी,

'प्रिय' लिहायचं की नाही, ते तुझं उत्तर आल्यावर ठरवीन.

कालच्या 'स्पोर्टिंग लँटर्न'मध्ये काकाकुवा या नावाने आमच्या भागाची बातमी आली आहे. तू त्याच कचेरीत बसतोस, तेव्हा तू ती वाचली असणार. तरी उतरवून देते. नंतर 'कुठली बातमी' असं विचारायला नको.

'शनिवारी कुरांगला टिन व्हिसल चौथा आला. ज्यांचे पैसे बुडाले त्यांनी घोड्याला शिव्या देऊ नयेत. घोड्याला चर्चला नेलं होतं. कॉन मल्केहीने हात जोडून अख्खी मिस्सा ऐकली, आणि शेवटची प्रार्थना झाल्याशिवाय तो बाहेर पडला नाही.'

ज्या घोड्याला जिंकूच द्यायचं नसतं त्याला मैदानावर 'मेलेला' म्हणतात. कोणी 'ताठ' म्हणतात. 'चर्चला नेलं' असं फक्त आपले बाबा म्हणायचे, आपल्या स्वयंपाकघरात, बूट चुलीपाशी ठेवून. बाहेर मी ते कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. आज सकाळी बेकरीत मिसेस टॉडने मला विचारलं, "हेस्टर, यात चर्च कुठून आलं मध्येच? कॉन कधीपासून चर्चला जायला लागला?" मी तिला अर्थ सांगितला नाही. तिच्या नवऱ्याने सांगितला. त्याला तो मजकुरावरून कळला होता. सगळ्यांनाच कळला आहे.

आई-बाबा गेले. आता ते शब्द माहीत असलेली चारच माणसं आहेत. मी, तू, आपला भाऊ कॉन आणि माझा नवरा एझरा. त्यातला एकच जण वर्तमानपत्रात नोकरी करतो.

शर्यतीनंतर नियम तपासणाऱ्या स्टुअर्डने एझराला कुंपणापाशी बाजूला घेऊन दोन प्रश्न विचारले होते. एझरा म्हणाला, घोडा माझा, पण स्वार तो होता, त्याला विचारा. तेवढ्यावर ते मिटलं असतं. आता मिटणार नाही. आज कॉनला मेलबर्नहून नोटीस आली. ईस्टरच्या आधी चौकशी आहे. दोषी ठरला तर परवाना जन्मभरासाठी जाईल. तो बावीस वर्षांचा आहे आणि घोड्यावर बसण्याखेरीज त्याला काहीही येत नाही. वर्तमानपत्राचं कात्रण नोटिशीला टाचलेलं आहे.

तू लिहिलंस का?

हेस्टर


मेलबर्न
१५ मार्च १९०८

प्रिय हेस्टर,

मी 'प्रिय' लिहितो. तुझं तू बघ.

मी लिहिलेलं नाही. आमच्याकडे गावोगावची माणसं टोपणनावाने बातम्या पाठवतात. काकाकुवा, जुनं खोगीर, लंगडा डिंगो. कोण कुठला ते फक्त मॅनेजरला ठाऊक असतं. बिगारी असो की पाद्री, नाव बाहेर फुटलं तर दुसऱ्या दिवशी त्याला तबेल्याच्या आसपास कोणी उभं करणार नाही. म्हणून मूळ कागदही आम्हाला दिसत नाही. मॅनेजरची कारकून बाई तो टंकयंत्रावर उतरवते आणि मग तो माझ्या टेबलावर येतो. मी शुद्धलेखन बघतो आणि ज्याच्यावरून कोणी कोर्टात जाईल ते कापतो.

कॉनचं नाव मी कापायला हवं होतं. कापलं नाही. का, ते सांगतो, आणि तू रागावशील.

काकाकुवाचा मजकूर दोन वर्षांपूर्वी यायला लागला. पहिल्याच महिन्यात त्याने एका घोडीबद्दल लिहिलं होतं, 'ती कानांनी धावते.' हे बाबांचं. मग एका बुकीबद्दल, 'त्याच्या हसण्याला खिळे नाहीत.' हेही बाबांचं. मी गेली चार वर्षं आमच्या अंकात 'मैदानाची बोली' नावाचं सदर चालवतो. देशभरातून लोक शब्द पाठवतात, मी अर्थासकट छापतो. 'मेलेला' या एका शब्दाला माझ्याकडे पानभर पर्याय आहेत. बाबांचा एकही शब्द मी त्या सदरात घातला नाही. ते आपले होते. आणि इथे ते दर आठवड्याला माझ्या टेबलावर येत होते.

मला वाटलं, काकाकुवा म्हणजे तू.

तू मला वर्षाला दोन पत्रं लिहितेस, एक नाताळला आणि एक बाबांच्या तिथीला. ही त्यांच्यावरची भर आहे असं मी धरून चाललो. त्या मजकुरातला एक शब्दही मी कधी कापला नाही. परवाचा परिच्छेद आला तेव्हा मी थांबलो. पण म्हटलं, हेस्टर आपल्याच भावाचं नाव घालते म्हणजे काहीतरी कारण असेल. बहुतेक त्याला धाक दाखवायचा असेल.

तेव्हा आता तुला विचारतो. तू नव्हतीस तर कोण?

आणि दुसरं. तू एवढं लांब पत्र लिहिलंस, पण 'हे खोटं आहे' असं एकदाही म्हटलेलं नाहीस. मी पत्र पुन्हा वाचलं. घोड्याला खरोखर चर्चला नेलं होतं का?

तुझा,
लॉरी


कुरांग
१९ मार्च १९०८

लॉरी,

मी काकाकुवा! चार घोडे, सहा कोंबड्या, एक नवरा, एक भाऊ. यातून उठून मी कधी लिहीत बसणार होते? तुझं वर्तमानपत्र माझ्याकडे कपाटाच्या फळ्यांवर अंथरायला येतं. शर्यतीचं पान मी भांडी उचलली तरच वाचते.

तुला वाटलं म्हणे. दोन वर्षं वाटत होतं, आणि एका ओळीने विचारलं नाहीस. हे मला पटत नाही. आणि बाबांचं बोलणं चोरून छापणारा माणूस 'मला वाटलं दुसऱ्या कोणी चोरलं' असंच म्हणणार.

घोड्याला थोडा खोकला होता. आदल्या दिवशी कुंपणावरून सराव बघणाऱ्यांनीही तो ऐकला असेल. ते लोक रोज पहाटे घड्याळ घेऊन टांगलेले असतात, त्यांना सगळं कळतं. त्यांना विचार.

राहिले दोघं. कॉनने स्वतःच स्वतःवर आळ कशाला घ्यावा? आणि त्याला सही करायची तरी जीभ बाहेर काढावी लागते. एझराचं म्हणशील तर, तो दिवसाला जेवढे शब्द बोलतो तेवढे मी कोंबड्यांशी बोलते. 'मीठ.' 'लगाम कुठंय.' 'जातो.' आमचं लग्न झालं तेव्हा बाबा म्हणाले होते, पोरगा चांगला आहे, पण त्याच्यासोबत आगगाडीने लांब जाऊ नकोस. तो काय सदर लिहिणार?

म्हणजे पुन्हा तूच राहतोस.

हेस्टर


मेलबर्न
२३ मार्च १९०८

प्रिय हेस्टर,

खोकल्याबद्दल मी विचारलं नव्हतं.

असो. तुझा माझ्यावर विश्वास नाही, माझाही तुझ्यावर पुरता नाही. अशाने कॉनचा परवाना जाईल आणि आपण एकमेकांना पत्रं लिहीत बसू. एक उपाय सुचवतो.

बाबांच्या नावावर दोन वाक्यं नवीन तयार कर. बाबा कधीच बोलले नाहीत अशी, पण बोलले असते अशी. तुला जमेल. तू त्यांची नक्कल करायचीस तेव्हा आई बाहेर जाऊन हसायची. एक एझराच्या कानावर घाल, दुसरं कॉनच्या. दोघांना वेगवेगळ्या ठिकाणी, सहज, आठवण निघाल्यासारखं. मला सांगू नकोस. काकाकुवा चांगला शब्द मिळाल्यावर तो खिशात ठेवून गप्प बसणारा नाही. दोन वर्षं मी त्याला वाचतो आहे. त्याला शब्दांची भूक आहे. दोन आठवड्यांत तो कुठेतरी वापरेल, आणि आपल्याला कळेल.

नीच आहे, मला माहीत आहे. दुसरं काही सुचत असेल तर लिही.

लॉरी


कुरांग
२९ मार्च १९०८

लॉरी,

केलं.

कॉनला तबेल्यात गाठलं. तो खोगिराला तेल लावत होता. मी म्हटलं, "बाबा असते तर त्या कात्रणावर काय बोलले असते रे?"

"बोलले नसते. काकाकुवाला शोधून त्याची पिसं काढली असती."

"आठवतं का, बुकीचा चेहरा उतरला की ते म्हणायचे, बुकीच्या टोपीत मांजर व्यायली?"

तो हसला. नोटीस आल्यापासून पहिल्यांदा. "नाही आठवत. पण झकास आहे."

मग मी विचारलं, "चौकशीत काय सांगणार आहेस?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे, होय साहेब, नाही साहेब, आठवत नाही साहेब. हेस्टर, त्या खोलीत जॉकी तोंड उघडत नाही. उघडलं की परवाना वाचतो, पण परत कोणता तबेला तुला घोडा देतो ते बघ. मेलबर्नमध्ये एक जण बोलला होता. आता घोडागाडी हाकतो. घोडा चालतो, तो बसतो."

"आणि नाही बोललास तर?"

"तर मीही घोडागाडी हाकीन. पण लोक नमस्कार करतील."

"मूर्ख आहेस."

"मल्केही आहे," तो म्हणाला आणि पुन्हा तेल लावायला लागला.

एझराला जेवताना सांगितलं. मटण वाढताना म्हटलं, आज ती करडी घोडी सरावात शेवटी ढेपाळली ना, बाबा अशा घोड्याबद्दल म्हणायचे, शेवटच्या वळणावर त्याला आईची आठवण झाली. एझरा चावायचा थांबला. माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "हे मी कधी ऐकलं नव्हतं." मी म्हटलं, तू आलास त्याच्या आधीची गोष्ट आहे. त्याने मान डोलावली, बटाटा घेतला. एवढंच.

तू दोनच सांगितली होतीस. मी तिसरं केलं आहे, ते तुझ्यासाठी. दिसायला देखणा आणि धावायला दगड अशा घोड्याला म्हणायचं, 'हा लग्नाचा फोटो आहे.' हेही बाबा कधी बोलले नाहीत. हे फक्त तुला आणि मला माहीत आहे. तुझ्या अंकात कुठेही हे दिसलं तर मला पत्र पाठवू नकोस.

हेस्टर


मेलबर्न
८ एप्रिल १९०८

प्रिय हेस्टर,

अंक आज निघाला. उद्या तुझ्याकडे येईल. त्याच्या आधी हे पत्र मिळावं म्हणून स्वतः स्टेशनवर जाऊन टाकतो आहे.

काकाकुवा, दुसरा परिच्छेद: 'मिसेस लॅव्हेंडर ही करडी घोडी अर्ध्या मैदानापर्यंत राणीसारखी होती. शेवटच्या वळणावर तिला आईची आठवण झाली, आणि आई फार लांब राहत होती.'

मांजर नाही. लग्नाचा फोटो नाही. तो मी माझ्यापाशीच ठेवला. वाईट वाटलं, पण तुझ्या जागी मीही तेच केलं असतं.

एझरा आहे.

रात्रभर... नाही, खोटं कशाला लिहू, झोपलो. पण सकाळी ट्राममध्ये एक गोष्ट लक्षात आली. तो पकडला गेला त्याचं कारण आपण हुशार आहोत हे नाही. एझरा आपल्याकडे आला तेव्हा खाणीवरचा पोरगा होता. शर्यतीला पाप मानणाऱ्या मेथडिस्ट घरातला, घोडा शेपटीकडून ओळखायचा. तो जे शिकला ते बाबांच्या अंगणात शिकला. लगाम धरायला आणि लगामाबद्दल बोलायला एकाच वेळी, एकाच माणसाकडून शिकला. कोणते शब्द सगळ्या मैदानाचे आणि कोणते आपल्या घरचे, हे त्याला कोणी सांगितलंच नाही. त्याला वाटतं सगळे असेच बोलतात. म्हणून कॉनवर आळ घेताना त्याने 'चर्च' लिहिलं. 'मेलेला' लिहिलं असतं तर तू मला पत्रच लिहिलं नसतंस.

आता तो परिच्छेद पुन्हा वाच. त्यात घोड्याचं नाव आहे, स्वाराचं नाव आहे. ट्रेनरचं, म्हणजे एझराचं, नाव नाही. आमच्या पानावर असं होत नाही. घोडा कोणाच्या तबेल्याचा ते पहिल्या ओळीत लिहायची पद्धत आहे. मी तेही तुझा संकोच समजलो होतो.

स्टुअर्डने त्याला कुंपणापाशी विचारलं, शनिवारी. हा मजकूर सोमवारी आमच्याकडे आला. म्हणजे रविवारी लिहिला. चौकशी होणार हे त्याला कळलं आणि ती कोणाच्या अंगावर जावी हे त्याने ठरवलं.

मी मॅनेजरला काही सांगू शकत नाही. सांगितलं तर टोपणनाव फोडल्याबद्दल मी घरी बसेन आणि स्टुअर्ड विचारतील, पुरावा काय? घोडीची आई?

पुरावा एकच होऊ शकतो. कॉनने आपण होऊन लगाम खेचला की त्याला तसं करायला सांगितलं होतं? सांगितलं असेल तर ते ज्या खोलीत सांगितलं तिथे तू होतीस का? चौकशी गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी आहे. त्याच्या आदल्या दिवशी आमचा अंक निघतो.

खोकल्याबद्दल लिहू नकोस.

लॉरी


कुरांग
११ एप्रिल १९०८

प्रिय लॉरी,

होते. त्या खोलीत होते.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी कॉन चहाला आला होता. मी चुलीपाशी होते, पाठ त्यांच्याकडे. एझरा म्हणाला, "उद्या त्याला चर्चला ने."

कॉन म्हणाला, "टिन व्हिसलला? अरे, उद्या तो जिंकतोय. मी नुसता बसलो तरी जिंकतोय."

"म्हणून तर. उद्या जिंकला तर ईस्टरला वजन वाढवून त्याच्या पाठीवर शिशाचं पोतं टाकतील. हरला तर हलक्या वजनाने पळेल. मोठी शर्यत ती आहे."

"लोक ओरडतील."

"ओरडू देत."

मी पाव कापला. बाबाही कधी कधी असं सांगायचे, आणि आई पाव कापायची. तुला ते आठवत नसेल, तू पुस्तकात असायचास. आपल्याकडे हे पाप समजत नाहीत. पकडलं गेलं तर दुर्दैव म्हणतात. तुला मी खोकला लिहिला तो एझरासाठी. तेव्हा मला वाटत होतं दोघांनाही वाचवता येईल.

तुझं पत्र आल्यावर मी कपाटाच्या फळ्यांवरचे सगळे जुने अंक काढले. भांडी जमिनीवर ठेवली आणि वाचत बसले. दोन वर्षांचा काकाकुवा. लॉरी, तू म्हणालास ते खरं आहे, तो चांगलं लिहितो. धुक्यातल्या सरावाबद्दल एक आहे, घोडे दिसत नाहीत, नुसते श्वास पळत जातात. एका ठिकाणी मी आहे. नाव नाही. 'कुंपणापाशी चहाची किटली घेऊन एक बाई उभी असते. ती आल्याशिवाय सकाळ झाली असं घोडेही मानत नाहीत.' हे मला सांगायला त्याला काय झालं होतं? मला 'मीठ' म्हणायचं आणि हे मेलबर्नला पाठवायचं. मी आधी रडले. मग मला राग आला. मग त्याच ढिगात कॉनचा परिच्छेद पुन्हा वर आला. तोही तेवढाच चांगला लिहिला आहे. लोक हसले ते उगाच नाही.

तिथे माझं ठरलं.

स्टुअर्डांच्या खोलीत बाईला घेत नाहीत, मी स्टेशनमास्तरांना विचारलं. म्हणून खालचं तुझ्या अंकात छाप. एकही शब्द बदलू नकोस.

'७ मार्चला कुरांगच्या मैदानावर टिन व्हिसल हा घोडा मुद्दाम मागे ठेवला होता. तसं करायला ट्रेनर एझरा पेंगली यांनी स्वार कॉर्नेलियस मल्केही यांना आदल्या संध्याकाळी सांगितलं. मी त्यांची पत्नी आणि स्वाराची बहीण आहे. मी ते माझ्या स्वयंपाकघरात ऐकलं. हेस्टर पेंगली, कुरांग.'

काकाकुवाच्या नावाने नको, कोणत्याच पक्ष्याच्या नावाने नको. तुमच्या त्या पानावर खरं नाव येत नाही हे मला माहीत आहे. येऊ दे.

याने कॉन सुटणार नाही. पण मालकाचं ऐकणाऱ्या पोराला ते जन्मभर घालवत नाहीत, काही महिने घालवतात. एझराला किती घालवतील माहीत नाही. तबेला जाईल. घर त्या तबेल्यावर चालतं, तेही मला माहीत आहे.

आज दुपारी मी हे त्याला वाचून दाखवलं. पाठीमागून करायचं नव्हतं. ते आपल्या घरात एकाने केलं तेवढं पुरे. तो बुटाची नाडी बांधत होता. शेवटपर्यंत ऐकलं.

म्हणाला, "तुला कसं कळलं?"

मी म्हटलं, "तू बाबांसारखा बोलतोस."

"सगळेच तसे बोलतात."

"नाही, एझरा. कोणीच बोलत नाही."

त्याने दुसरा बूट पायात घातला. मग म्हणाला, "कॉन तरुण आहे. त्याला पुन्हा काहीतरी करता आलं असतं. मला या वयात काय येतं?"

"त्यालाही काही येत नाही."

तो मग उठला आणि म्हणाला, संध्याकाळच्या गाडीला मी तसाही स्टेशनवर जातोय, दे, टाकतो. दर रविवारी तो पाय मोकळे करायला जातो म्हणायचा, ते तुमचं पाकीट टाकायला जायचा. आज शनिवारीच निघाला आहे.

मी त्याला हे देणार आहे. दुसरं पाकीट करून मी स्वतः टाकू शकते, कॉनला पाठवू शकते. करणार नाही. आता खिडकीतून दिसतो आहे, गाडीला घोडा जोडतो आहे. हे तुला मिळालं तर त्याने काय केलं ते तुला कळेल. तू कळवेपर्यंत मला कळणार नाही.

हेस्टर


मेलबर्न
१४ एप्रिल १९०८

प्रिय हेस्टर,

मिळालं. काल सकाळी.

पाकीट उघडून पुन्हा चिकटवलं होतं. डिंक नव्हता, पिठाची खळ होती. निवेदन तुझ्या अक्षरात, जसंच्या तसं. त्याच्या खाली, तुझ्या सहीच्या खाली, एक ओळ आहे. शाई वेगळी.

'तसं करायला मी सांगितलं होतं. ए. पेंगली.'

काकाकुवाचं मूळ अक्षर मी कधी पाहिलेलं नाही, सगळं टंकयंत्रावरून आलेलं. तेव्हा हे त्याचं आहे असं मी शपथेवर सांगू शकत नाही. आणि त्याचं असेल तर का लिहिलं तेही सांगू शकत नाही. लाज वाटली म्हणून, की पाकीट फाडलं तर तू दुसरं पाठवशील हे ओळखून, की कबूल केलेल्याला स्टुअर्ड कमी शिक्षा देतात म्हणून. तिन्ही असू शकतं. मी चांगल्या कारणावर विश्वास ठेवायला बघतो, तेवढ्यात दुसरं डोकं वर काढतं.

मॅनेजरकडे नेलं. तो म्हणाला, "खरी नावं? शर्यतीच्या पानावर? मल्केही, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? उद्या सगळा तबेला नावानिशी पत्र पाठवेल."

मी म्हटलं, "पाठवू दे. पान भरेल."

"आणि काकाकुवाचं काय करायचं?"

"त्याचा मजकूर यापुढे येईल असं वाटत नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला ते नाव ठाऊक आहे. ओळीखालची सही त्याने पुन्हा वाचली. मग म्हणाला, दोन्ही घे, बाईचं आणि त्याच्या खालचं. चौकट करू नकोस. मोठा टाइप नको.

आता छपाईला गेलं आहे. उद्या सकाळी निघेल.

लॉरी


कुरांग
२६ एप्रिल १९०८

प्रिय लॉरी,

निकाल तू छापलासच. एझराला मैदानावर पाच वर्षं बंदी, कॉनला चार महिने. मिसेस टॉडने मला पाव दिला आणि पहिल्यांदाच उरलेले पैसे हातात न देता फळीवर ठेवले.

कॉन माझ्याशी बोलत नाही. तो म्हणतो, मी एका शब्दाने तोंड उघडलं नाही आणि तरी लोक म्हणणार, याची बहीण बोलते. गेल्या आठवड्यात तो लोकर कातरायच्या शेडवर स्वयंपाक्या म्हणून गेला. त्याला चहासुद्धा करता येत नाही. चार महिन्यांनी त्याला कोणी घोडा देईल की नाही ते तेव्हाच कळेल. पण परवाना आहे. त्याच्या ट्रंकेत आहे, मी बघितला.

टिन व्हिसल आणि करडी घोडी विकली. उरलेले दोन एझरा नांगराला लावतो आहे. त्यांना ते आवडत नाही.

तू ती ओळ छापलीस. मला माहीत नव्हती. वाचली तेव्हा मी दारात उभी होते, तो अंगणात. मी काही विचारलं नाही. चौकशीला त्याच्याबरोबर गेलेला शेजारी सांगतो, स्टुअर्डांनी अंक पुढे ठेवून विचारलं, हे तुमचं का, तर एझरा म्हणाला, "खाली माझं नाव आहे." मग विचारलं, खरं आहे का, तर म्हणाला, "आहे." म्हणजे त्याने नाकारलं नाही. मी लिहिलं असंही म्हणाला नाही.

आणि लॉरी, तू शाईची आणि खळीची एवढी बारीक हकिकत लिहिलीस. तुझ्या टेबलावर शाई आहे. एकट्या बायकोच्या शब्दावर मॅनेजर छापणार नाही हे तुला ठाऊक होतं. कॉन तुझाही भाऊ आहे. तू चांगल्यासाठी केलं असतंस, मला कळतं. आमच्याकडे खळ मी लोखंडी डब्यात ठेवते. डबा मी उघडून पाहिला, पण त्यात आधी किती होती ते मला आठवत नाही.

एझरा काल संध्याकाळी पायरीवर माझ्याजवळ येऊन बसला. आपणहून बोलला. नांगराच्या घोड्यांबद्दल, जमिनीबद्दल, खाणीवरच्या त्याच्या आईबद्दल. बराच वेळ. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते आणि मनात ती ओळ त्याच्या आवाजात म्हणून बघत होते. कधी बसत होती, कधी नाही.

तो कागद तुझ्याकडे असेल. मी त्याचं अक्षर लगेच ओळखीन, लग्नाच्या नोंदवहीतली सही मी पाहिलेली आहे. परवा मी तुला लिहिणार होते, कागद पाठव.

पाठवू नकोस.

हेस्टर